खरवडलेली तार

आई, तुला मोटारीचंच सांगायला बसलोय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण आपल्या दोघांत दुसरं बोलायचं राहिलंय तरी काय? मी चोपन्नचा झालो. सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो, कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. तुझी नात, जिला ती दोन वर्षांची असताना तू कडेवर घेऊन फिरायचीस, ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याहून उंच झालीय आणि तुझ्याइतकीच हट्टी. परवापासून ती माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

कॉलेजवाल्यांनी शर्यत ठेवली होती. विजेवर चालणारी तीन चाकांची गाडी, आपल्या हातानं आणि भंगारातूनच बनवलेली. बाकीची पोरं आठ-दहाच्या टोळीनं कामाला लागली. ही म्हणाली, "मी आणि पप्पा, बास." दोन महिने आम्ही भंगारवाल्यांची दारं झिजवली. दवाखान्यातल्या मोडक्या कॉटांचे पाइप कापून सांगाडा केला. पुढची दोन चाकं जुन्या स्कूटरची. बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. मागच्या एकुलत्या एका चाकात मोटार, तीही पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीतून काढलेली, आतून जळून कोळसा झालेली. मोटार अजून उघडलेली नाही आणि बाईसाहेबांनी पुढच्या पत्र्यावर नंबर रंगवून ठेवला. म्हटलं, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग." तर म्हणते, "मोटार तुम्ही भरणार आहात ना? मग मला कशाला काळजी?"

भरणार होतोच. जळालेली तांब्याची तार काढायची, खाचांमध्ये कागद घालून नवी बसवायची, याला मोटार भरणं म्हणतात हे लोकांना आता सांगावं लागतं. तू हे चुलीपुढं बसून करायचीस. नेवाशाच्या आपल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला आण्णा, आणि घरात तार भरायला तू. मोटार बाईमाणसानं भरलीय हे पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. दहा वेढे झाले की ज्वारीचा एक दाणा ताटलीत टाकायचीस, आणि मोजणी चालू असताना घर पेटलं तरी तोंड उघडायची नाहीस. एकदा दूध उतू जाऊन चुलीत चाललंय, आण्णा ओरडतायत, आणि तू शांतपणे, "...चौपन, पंचावन, छप्पन. हां, आता बोंबला." मी हसून लोळलो होतो.

आणि तुझा कान! तार खाचेत दाबताना लोखंडाच्या कडेला घासली तर बारीक कर्र असा आवाज येतो. तेवढ्यानं तारेवरचा पातळ लेप खरवडतो. डोळ्यांना दिसत नाही काही. पण मोटार तापली की तिथंच तारेला तार टेकते, नाहीतर वीज लोखंडात उतरते. परड्यात असलीस तरी तुला तो आवाज कळायचा. "काढ. सगळं काढ," म्हणायचीस. मी म्हणायचो, दिवा लावून तपासली, ठीक आहे. त्यावर तुझं ठरलेलं, "गार हाय तवर समद्याच मोटारी गुणाच्या."

मी सोळा वर्षांचा असताना एक मोटार मी भरली होती. आवाज आला. तू आत भाकऱ्या थापत होतीस. मी कामटी तशीच धरून बसलो. तार खाचेत दाबायची बांबूची ती पट्टी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मग तार दाबली, वरून कागद मुडपला, आणि गप्प बसलो. मला मित्रांबरोबर नदीवर जायचं होतं, दुसरं काहीही कारण नव्हतं. पंधरा दिवसांनी त्या मोटारीचा मालक, विहिरीवाला, दारात उभा राहिला, मनगटाला लाकडी पट्ट्या बांधलेल्या. मोटारीच्या अंगाला वीज आली, त्यानं हात लावला, फेकला गेला तो दगडावर. "वहिनी, थोडक्यात वाचलो बघा," एवढंच म्हणाला बिचारा. आण्णांनी त्याच्यादेखत तुला नाही नाही ते ऐकवलं. बाईच्या हातात लोखंड दिलं ही माझीच अक्कल, म्हणाले. तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "हात माझाच हुता. माझं चुकलं." माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस.

त्यानंतर आण्णा मोटारी दुसरीकडून भरून आणायला लागले. तू तारेला पुन्हा हात लावला नाहीस. घरातलं दूधही पुन्हा कधी उतू गेलं नाही. आठ दिवसांनी तू ती कामटी माझ्या हातात ठेवलीस, म्हणालीस, "घे, तुला लागंल. मला आता काय करायचीय?" मी घेतली. काय निर्लज्ज होतो गं मी, खरंच घेतली.

तर आता शर्यतीचं ऐक. शनिवारी खाली पार्किंगमध्ये चटई टाकून बसलो. मोटारीत तारेचे तीन हिस्से असतात. दोन मी घेतले, एक पोरीनं हट्टानं घेतला. तिचा भरून झाला आणि ती वर जेवायला गेली. माझ्या दुसऱ्या हिश्श्याचे शेवटचे वेढे चालले होते, आणि कर्र. भिंग लावून पाहिलं, काही दिसेना. कारखान्यातून आणलेल्या मीटरवर तपासलं, आकडा झकास. आता सगळं काढायचं तर नवी तार शिल्लक नव्हती, आणि सकाळी आठला गाडी मैदानावर हजर करायची होती. तेवढ्यात ती हात पुसत खाली आली. "झालं?" म्हणाली. मी म्हणालो, "झालं."

आई, विहिरीवरची मोटार निदान जागेवर उभी असते. ही मोटार चाकातच बसलेली. आत तारेला तार टेकली की पळतं चाक जागच्या जागी गच्च धरतं. मागं चाक एकच. वळणावर ते धरलं तर गाडी गरकन फिरून उलटणार, आणि आत तुझी नात, कॉटेच्या पाइपांच्या पिंजऱ्यात. हे मला शनिवारी दुपारी माहीत होतं. रविवारी सकाळी तिच्या हेल्मेटचा पट्टा मी माझ्या हातानं आवळला तेव्हाही माहीत होतं.

नेवासा रस्त्याच्या बाजूला मोठं मैदान आहे, तिथं डांबरी वाट आखलेली. सहा फेऱ्या. सरावाच्या फेरीनंतर मी चाकाला हात लावला, कोमट. स्वतःला म्हणालो, बघ, उगाच घाबरतोस. झेंडा पडला. पहिल्या फेरीला ती चौथी, दुसरीला तिसरी. लोक शिट्ट्या मारतायत, आणि मी लोखंडी कठडा धरून वळणाकडं बघतोय. ती वळणात शिरते, माझा श्वास अडकतो, बाहेर पडते, सुटतो. तिसऱ्या फेरीला दुसरी आली. मोटार आता चांगली तापली असणार. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझ्या तर तळपायापर्यंत खवखवत होतं. चौथ्या फेरीला मी दोरीखालून आत घुसलो. "ओ काका, बाजूला व्हा!" कुणीतरी ओरडलं. मी वाटेकडेला उभ्या स्वयंसेवक पोराच्या हातातला लाल झेंडा हिसकावला आणि वाटेत उभा राहिलो.

तिनं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. घामानं निथळत होती. "काय झालं पप्पा?"

"जळका वास आला."

"मी मोटारीला चिकटून बसलेय, मला नाही आला. तुम्हाला तिथून आला?"

मी झेंडा गुंडाळत राहिलो. मागून गाड्या सपासप निघून गेल्या. त्यातल्याच एकीनं शर्यत जिंकली.

घरी आल्यावर तिनं पार्किंगमध्येच मोटार उघडली. एकेक वेढा कापून, तार बोटांतून सरकवत, भिंगाखाली. माझे दोन्ही हिस्से तपासले. ती शेवटची तार मी स्वतः तीनदा पाहिली. स्वच्छ होती, आई. ओरखडासुद्धा नाही. मग तिनं तिचा हिस्सा काढला आणि मध्येच थांबली. तिच्या तारेवर रव्याच्या कणाएवढं तांबं चमकत होतं, आणि त्याच्याभोवती लेप काळा पडलेला.

मी लगेच म्हणणार होतो, काढताना लागलं असेल. शब्द ओठांवर आले होते. ती आधीच बोलली. "भरतानाच लागलंय. मला आवाज आला होता. सगळं काढावं लागलं असतं म्हणून बोलले नाही. चुकलं माझं." मग मान वर केली. "तुम्हाला वास आला नव्हता ना?"

"नाही. माझ्या तारेचा आवाज आला होता. काल."

"काल?" ती उभी राहिली. "काल आवाज आला, आणि आज मला गाडीत बसवलंत?"

"तूही बसलीसच की," मी म्हणालो. बापाच्या तोंडात शोभेल असं हे बोलणं नव्हतं, पण बोललो.

"मी माझा जीव पणाला लावला पप्पा. तुम्हीही माझाच लावलात." एवढं बोलून ती जिना चढून गेली. आज तिसरा दिवस आहे. ताट वाढून ठेवते, बाजूला होते.

ही पानं तिच्या टेबलावर ठेवावीत असं मनात होतं. ठेवणार नाही. आधी तोंडानं बोलता आलं पाहिजे. पण तुझ्यावरचा राग मात्र आज लिहून टाकतो. होय, राग. तू माझ्यावर पांघरूण घातलंस, त्यापायी हातातलं काम गमावलंस, आणि मला गप्प राहायला शिकवून गेलीस. तुझ्या कानाला तो आवाज आला नसेल हे मी कधीच मानलं नाही. एकदा विचारायचं होतंस मला. आईनं नुसतं विचारलं असतं तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

परवा पोरीनं मला सरळ विचारलं, काय झालं पप्पा. आणि मी म्हणालो, जळका वास आला. म्हणजे तू विचारलं असतंस ना आई, तरी मी नाहीच म्हणालो असतो.