दारव्ह्याच्या बाजारातली खोटी चक्कर

तीर्थस्वरूप विमलआत्यास,

अर्पिताचा साष्टांग नमस्कार (गुडघे खरचटलेत, म्हणून तूर्तास मनातल्या मनात). तुमची कंबर कशी आहे? मामाजींचा खोकला थांबला का? मला फिट येऊन मी बाजारात पडले, ही बातमी बाभुळगावात तुमच्यापर्यंत पोचल्याचं कळलं. मला काहीही झालेलं नाही. मी संशोधन करत होते.

एम.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस पडला आणि भोवती गर्दी असली, तर दुसरा कोणी उचलेल म्हणून जो तो उभा राहतो. आपल्याकडेही असंच असेल का, हा प्रश्न मला जेवू देईना. म्हणून दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मी चक्कर आल्यासारखं पडायचं आणि मैत्रीण नुजहतने पहिला हात लागेपर्यंतचा वेळ मोजायचा, असं ठरलं. प्रकल्प बघणाऱ्या कॉलेजातल्या मॅडमची अट एवढीच, की शेवटी सगळ्यांना खरं सांगायचं.

पडले. गर्दी खरोखरच थबकली, आणि मी मनातून खूश! पण लोक थांबले होते वेगळ्याच कामासाठी. "कोनाची पोरगी व्हय वो?" यावर माझ्या डोक्यावर रीतसर वाद सुरू झाला (वर ऊन, खाली भेंडीचे देठ, डोळे उघडायची सोय नाही). शेवटी जीपवाल्या जब्बारभाईंनी नाकावरून ओळखलं, "अरे, हे तं विठ्ठलरावची लेक!" मग इतके हात आले की नुजहत मोजायचंच विसरली. भाजीवाल्या रुक्माबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणीतरी चप्पल हुंगवली (कोणाची, ते विचारायचं धाडस झालं नाही), मला घरी न्यायला भरलेली जीप रिकामी झाली. मी उठून, हा प्रयोग होता हो, असं हात जोडून सांगितलं. "लाजून राह्यली पोरगी," रुक्माबाई म्हणाल्या, आणि चप्पल पुन्हा आली.

आता मला एकच जाणून घ्यायचंय. मी कोणाचीच लेक नसते, तर? त्यासाठी राळेगावला जाऊन पडायला हवं, तिथे मला कोणी ओळखत नाही. पण आई म्हणते, "कॉलेज बंद! पाह्यणे काय म्हनतीन?" प्रकल्प गेला की माझं एम.ए. गेलं, आत्या. आईला समजवा, ती तुमचं ऐकते.

तुमची भाची,
अर्पिता

ता.क. आता आईला काही समजवू नका. तुम्ही सुचवलेल्या स्थळाचा आत्ताच निरोप आला, मुलीला फिट येतात म्हणे, बोलणी थांबवू. आई रडते आहे. बाबा म्हणाले, मग निदान शिकू तरी दे तिला.

पुन्हा ता.क. ते लोक तुमच्याच गल्लीत राहतात ना? त्यांना खरं सांगायचंच आहे, मॅडमची अट आहे. पण ते मीच सांगेन, एम.ए.चा निकाल लागल्यावर. तोवर कोणी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तर काही बोलू नका, फक्त एक सुस्कारा सोडा.