पाचव्या दिवसाचा फोटो

मामा,

तुम्ही माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेत होता, तेव्हा मी नोकरी करते त्या कंपनीचा फोटोग्राफर माझ्या मागेच उभा होता. उपोषणात पाणी चालतं, हे मला माहीत होतं.

"भाचीच्या हातचं पाणी काऊन नाई म्हणू?" तुम्ही हसून म्हणालात.

वर्ध्याला परतून कंपनीच्या जनसंपर्क विभागातर्फे मीच पेपरला बातमी लिहून दिली: कंपनीच्या कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध अल्लीपूरला बसलेल्या वासुदेवरावांनी पाचव्या दिवशी उपोषण सोडलं. सोबत तो फोटो दिला. विहिरी काळ्या पडल्याचं लिहिलं नाही.

हे पत्र पाठवलं तर कंपनीविरुद्ध पुरावा होईल, म्हणून ते माझ्याकडेच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून गावकऱ्यांनी मांडव सोडला. तुम्ही सतरंजीवर बसून प्रत्येकाला सांगत होतात म्हणे, "मी अजून जेवलो नाई."

शाल्मली