बोरगावचे बांबू आणि रोहण्याची तार

भाऊ,

उद्या तुझी तेरवी. तुझ्या वस्तू वाटून टाकायच्या म्हणून काकांनी ओसरीत मांडून ठेवल्या आहेत. कोट, छत्री, आणि लढाईच्या भंगारातून आणलेला तुझा तो रेडिओसंच. तो कुणाला द्यायचा यावर मघाशी खल चालला होता. मी उठले, संच उचलून खोलीत आणला, आतून कडी लावली आणि लिहायला बसले. रडायला नाही, भांडायला!

तुला चढायला कुणी सांगितलं होतं रे? वाऱ्याने एरियलची तार सैल झाली, तर रविवारी शिडी धरायला मी येणारच होते. तसं ठरलं होतं आपलं. पण तुला दम कुठला! शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा मास्तर, आणि अंगात ताप असताना एकटा शिडीवर चढतो. पडलास आणि गेलास.

मी सासरहून, रोहण्याहून पोचले तेव्हा तिरडी दारात होती. बांबूंच्या टोकांना डांबर दिसलं. वाळवी लागू नये म्हणून तूच फासलेलं! तुझ्या एरियलचे बांबू तोडून त्यांनी तुझीच तिरडी बांधली होती. मी ओरडले, तर काका म्हणाले, "घरी बांबू असतानी बजारात काऊन जा लागते? त्याचेच होते नं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना अंगणातून हाकलून द्यावंसं वाटलं मला. तुलाही.

पण त्यांना तरी काय बोलू? तू कुणाला कधी धड सांगितलंस? सांगितलंस ते मला एकटीला. "कन्या राशीत एक दीर्घिका हाय, सुमे, आपल्या आकाशगंगेसारखी, पण लई दूर. तिच्या पोटातून झोत निघते. त्याची खरखर इथंवर येते, भर दुपारी बी!" आणि माझ्या सासरी, वांग्याच्या वाफ्यांवर दुसरी तार ताणून, दुसरा संच मांडून गेलास. सासूबाई विचारायच्या, "काय ऐकून राह्यली वं?" काय सांगणार? खरखर!

ती खरखर मध्येच चढायची, मध्येच बसायची. तू म्हणालास, झोतच भडकतो. नागपूरचे प्राध्यापक म्हणाले, एवढी अवाढव्य वस्तू मिनिटभरात कशी हलेल? हलतं ते आपल्याच डोक्यावरचं वातावरण. तुला ते भारी झोंबलं. म्हणून तर दोन गावं हवी होती. इथे बोरगावात आणि तिकडे रोहण्यात आवाज एकाच वेळी चढला तर तू खरा, वेगवेगळ्या वेळी चढला तर ते.

आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळं लावून आपण ऐकायचो. माझ्या वेळा तुझ्याशी जुळेनात. तर काय म्हणालास? "तुहं ध्यान भाजीत राह्यते." भाजी खुडून, भाकरी थापून मी कानाला ते जड फोन लावून बसायचे, भाऊ! एकदा तरी म्हणायचंस, सुमे, कदाचित तुझंच बरोबर असेल. आता वाद अर्धा टाकून निघून गेलास. हरला असतास तरी समोर असतास. आता मी कुणाशी भांडू?

काकांना मी सांगून टाकलं आहे, संच कुणालाही मिळणार नाही. ते म्हणाले, "मेलेल्या मानसाची वस्तू घरात ठेवू नाई." मी म्हटलं, वस्तू त्याची, काम आमच्या दोघांचं.

नव्या एरियलसाठी आमच्या रोहण्याच्या नाल्याकाठचे बांबू पुढच्या आठवड्यात मोटारीच्या टपावरून येतील. मी पेरणीपर्यंत इथेच राहणार आहे. रोहण्याला कोण बसणार? हे म्हणाले, "मी बसतो. खरखरच ऐकाची हाय नं?" तू यांना कधी विचारलंसुद्धा नव्हतंस.

तेव्हा ऐक. दोन्हीकडचं जुळलं, तर नागपूरला जाऊन प्राध्यापकांना तोंडावर सांगेन, माझा भाऊ बरोबर होता. नाही जुळलं, तर तेही सांगेन. तू मेलास म्हणून तुला खरा ठरवणार नाही.

अजून रागातच असलेली तुझी बहीण,
सुमी