टॉवेल दे रे

सोमवार, १८ डिसेंबर

चि. सूनबाई हिला अनेक आशीर्वाद.

तुझी खुशाली कळली. इकडे आम्ही ठीक. थंडी नुसती मी म्हणतेय. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, आणि औषध घे म्हटलं की त्या माझ्यावर कुरकुरतात. सुट्ट्या तोंडावर आल्या, त्यामुळे दुकानात मान वर करायला फुरसत नाही. सगळ्यांना एकाच आठवड्यात केस कापून हवे असतात. आज दुकान बंद, म्हणून लिहायला बसलो.

यंदा घरी सणबिण काही करायचं नाही असं ठरलंय. ठरलंय म्हणजे कुणी विषयच काढला नाही.

शनिवारी दुकानात एक प्रकार घडला. लिहू की नको असं चाललं होतं, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. माझ्या खुर्चीत बेकरीवाले, तोंडाला फेस, दाढी अर्धी झालेली. दुसरी खुर्ची रिकामी असते. तिच्यावर बसा म्हटलं तरी लोक बसत नाहीत, थांबतो म्हणतात. तर वस्तरा चालवता चालवता मी न बघताच हात मागे केला आणि म्हणालो, "राजा, टॉवेल दे रे."

रोजच्यासारखं. अगदी रोजच्यासारखं.

आरशात सगळे दिसत होते, पण माझ्याकडे कुणी बघेना. हात तसाच मागे, मला तो खाली घेता येईना. सूनबाई, त्या सकाळी शटर वर करताना राजा माझ्या शेजारीच कोसळला. डॉक्टर हृदय म्हणाले. पुढचं सगळं मी याच हातांनी केलं. तरी तो गेला हे मला कळलं ते परवा, भरल्या दुकानात.

बेकरीवाले फेसासकट उठले. टॉवेल गरम ठेवायच्या पेटीतून एक काढला, माझ्या हातात ठेवला आणि परत येऊन बसले. म्हणाले, "राजा याहून गरम द्यायचा. गाल भाजायचे माझे."

मागे कुणीतरी हसलं. मग एकानं सांगितलं, त्याच्या लग्नाच्या सकाळी राजानं मिशीची एक बाजू जास्त कापली आणि शेवटी बिनमिशीचाच नवरदेव उभा राहिला. इतके महिने दुकानात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं, मला त्रास नको म्हणून. मी हसलो गं. वस्तरा खाली ठेवून हसलो, आणि मग मला रडू आवरेना. बेकरीवाले अर्ध्या दाढीनं बसून राहिले.

घरी बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो, पण जेवताना तोंडून निघालंच. वाटलं, ही आता हंबरडा फोडेल. हिनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "मी रोज मारते हाक. तुम्ही दुकानात गेलात की. चहा झाला म्हणून."

एका घरात राहून मला याचा पत्ता नाही!

मग हीच म्हणाली, "ती पोर तिकडे कुणासमोर हाक मारत असेल?"

तू माहेरी निघालीस तेव्हा आम्ही थांब म्हटलं नाही. वाटलं, तरुण पोर, आपल्या अंधारात तिला कशाला कोंडायची. तुला कदाचित वाटलं असेल, मुलगा गेला तसं नातंही गेलं. तसं नाही.

सुट्टीत इकडे ये. करायचं काहीच नाही. त्याच्याबद्दल बोलू, नाहीतर गप्प बसू, तुला जमेल तसं. स्टेशनवर मी येईन.

वर मी आधी 'येशील का' असं लिहिलं होतं. हिनं वाचलं आणि खोडायला लावलं. म्हणते, घरच्या माणसाला असं विचारतात का?

तुझे,
आई-बाबा