सहाणेचे वासे

१६ फेब्रुवारी, रविवार
सहाण वाचवून तिथं करणार काय? बाबांनी जेवताना विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. शिमग्यात देवाची पालखी तिथं बसते, बाकी वर्षभर कुत्री बसतात, हे बाबांचं म्हणणं. ऐनाचे खांब, जांभ्याचा चौथरा, कौलारू छप्पर, सगळं पणजोबांच्याही आधीचं, हे माझं म्हणणं. दोन्ही खरं आहे. उत्तर नंतर सुचेल. तोवर काम सुरू करते.

१८ फेब्रुवारी
संकल्प : होळीला ‘शिमगा महोत्सव’. सोंगं, बाल्यानाच, पुरणपोळीचे स्टॉल, सहाणेचं प्रदर्शन. जमतील ते सगळे पैसे सहाणेच्या दुरुस्तीला.
सरपंच हैबतरावांना स्लॅबचा हॉल हवाय, म्हणून भांडायच्या तयारीने गेले. भांडण झालंच नाही. म्हणाले, “आधी सगळं उतरवून तर घे गो, मग बघू.” एवढा पाठिंबा अपेक्षित नव्हता. आईने विचारलं, हैबतराव हसला का? हसले होते.

२२ फेब्रुवारी
वरसेहून पोपट सुतार आला. खांब, वासे उतरवले. पुन्हा चढवताना घोळ नको म्हणून प्रत्येकावर मी खडूने नंबर घातला आणि चौथऱ्याशेजारी ढीग रचला. कौलं लोकांनी सांभाळायला आपापल्या घरी नेली, तीही न सांगता. चंद्रावती काकीने तर दोन फेऱ्या मारल्या. गाव जागं होतंय.

संध्याकाळी
काकीच्या गोठ्यावर आपली कौलं दिसली. ठीक आहे. कौल छपरावरच जास्त सुरक्षित.

१ मार्च
हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात सहाणेचं मॉडेल करायला दिलं होतं, ते आणलं. छान झालंय. फक्त गुलाबी आहे आणि कडेने सोनेरी चमकी. रंगवणाऱ्या समीक्षाताई म्हणाल्या, “साधं कोण बघतंय गो बाय?” मुद्दा बरोबर आहे. दारावर दोन मोर काढलेत. आमच्या सहाणेला दार नाही.

५ मार्च
मंडळाची पोरं होळीला डोंगरातून हिरवं झाड तोडून आणणार, असं कळलं. वारसा जपणाऱ्या महोत्सवाला हे शोभत नाही. अक्षय मंडळाचा अध्यक्ष. त्याला गाठून समजावलं : झाड तोडू नका, गावात पडलेलं जुनं, सुकं लाकूड घ्या. मोबाइलवरून मान न उचलता “व्हय ताई” म्हणाला. ऐकेलसं वाटत नाही. तरी फ्लेक्सवर छापायला दिलंय.

९ मार्च
आढावा. बाल्यानाचवाले येतील, कंपनीत शिफ्ट नसेल तर. शेजारच्या वैशालीने स्टॉल लावायचं कबूल केलं होतं, आता तिची परीक्षा आहे. म्हणजे स्टॉल एक, आमचाच. सोंगवाले डीजे लावणार का विचारतात. नाही म्हटलं. आता सोंगं नाहीत.
महोत्सव आटोपशीर होईल, ते बरंच.
बाबांना काय उत्तर द्यावं ते लिहून पाहिलं. ‘आपला वारसा’ असं सुरू केलं आणि खोडलं. आमच्या घरात वारसा हा शब्द फक्त सातबाऱ्याच्या भांडणात येतो.

१४ मार्च, धुळवड
काल फ्लेक्स आणायला रोह्याला गेले. परतीची एसटी उशिरा आली. माळावर पोचले तेव्हा होळी पेटली होती. अक्षय धावत आला. “ताई, एक फांदी तोडली नाय. तू सांगितलंस तसं जुनंच लाकूड घेतलं. नंबरपण तूच टाकलेलेस, त्याच क्रमानं रचलं.”
वरचा तीन नंबर अजून वाचता येत होता.
शिमग्यात उघड्यावर पडलेलं लाकूड पोरांचं आणि होळीत गेलेलं परत मागायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेजाऱ्यांच्या वईची, म्हणजे कुंपणाची, लाकडं मीही ओढून आणली आहेत.
हैबतरावांनी मानाचा नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, पोरीने रान वाचवलं. टाळ्या झाल्या. मी नारळ होळीत टाकला. बाबा बाजूला येऊन उभे राहिले.

१५ मार्च
सगळं गेलेलं नाही. नक्षीची तुळई उघड्यावर नको म्हणून घरी आणली होती, ती आईच्या कॉटखाली आहे. एका तुळईवरून अख्खी सहाण उभारता येते का, ते तज्ज्ञांना ईमेल करून विचारायचं. मॉडेल आहेच.

१७ मार्च
ईमेलला उत्तर नाही. उद्या पालखी येणार आणि चौथरा उघडा. हैबतराव म्हणाले, यंदा ताडपत्री मारू, पुढच्या शिमग्याला स्लॅब. पालखी टेकायची फळीही होळीत गेली. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या जोडू, असं ठरतंय. चंद्रावती काकी माझ्याकडे बघून म्हणाली, “देवाला काय लग्नाच्या पंगतीला बसवताव?” कोणी हसलं नाही.

१८ मार्च
सकाळी पोपटला घरी बोलावलं. बाबांनी आणि मी तुळई कॉटखालून ओढून अंगणात आणली. पोपट करवत हातात धरून थांबला. “नक्षी मधोमध जाईल, ताई.” मी म्हटलं, कापा. बाबांनी दुसरं टोक धरलं.
चौरंग झाला. दुपारी निळ्या ताडपत्रीखाली पालखी त्यावर टेकली. एक पाय हलत होता. काकीच्या गोठ्यावरून कौलाचा तुकडा मागून आणला आणि खाली सरकवला.