बोटीच्या पाठीवरची तोफ

८ फेब्रु. १९४३, धारवाड
शाळेतून आले तर ओट्यावर हे. रजा मिळाली. काळे पडलेत.
जेवताना मामंजींनी विचारलं, "मालाच्या बोटीवर तोफ कशाला रे?" मुलाला वकील करायचं होतं, आरमारात गेलेला अजून सोसत नाही.
"अण्णा, पाणबुडी वर आली तर बोटवाल्यांनी काय हात जोडायचे?"
तोफ आरमाराची. चालवणारे दोघंच, हे नि बेळगावचे पाटील. गोळे उचलून द्यायला बोटीचे खलाशी, भटारीसुद्धा. मागच्या लढाईतली तोफ आहे म्हणे. जिच्यावर होती ती लढाऊ बोट मोडीत निघाली, ही ग्रीस फासून वखारीत पडून होती. आता पुन्हा काढली. "वयानं माझ्याहून मोठी."
फार कौतुकानं सांगत होते. मला नाही आवडलं.

१० फेब्रु.
सकाळपासून मी बोलतेय, उत्तर नाही. वाटलं रागावले. मग कळलं. डावा कान गेलाय, तोफेच्या आवाजानं. "अण्णांना सांगू नकोस."

१३ फेब्रु.
केलगेरीच्या तळ्यावर दोघंच. विचारलं, गोळा कधी लागला का कुणाला?
"नाही. पण पाणबुडी बुडी मारून खाली गेली. खाली तिचा वेग कमी, तेवढ्यात आम्ही निसटलो. तेवढंच काम तोफेचं."
म्हणून ती बोटीच्या पाठीमागं बसवतात. बोट पळते, तोफ मागं बघते. "सगळी बोट पुढं बघते गं. मी तेवढा मागं. मुंबई दिसेनाशी होईतो बघत असतो."
म्हटलं, कानाचं डॉक्टरला सांगा, किनाऱ्यावर ठेवतील. तळ्यात खडे टाकत राहिले. मग, "पाटील एकटा पडेल."


१७ फेब्रु.
गेले. स्टेशनवर मामंजी होते, नीट बोलता आलं नाही. मुद्दाम डाव्या बाजूला उभी राहिले नि म्हटलं, जाऊ नका. ऐकू आलं नाही. हसले नुसते.

३ एप्रिल
शेजारच्या गंगक्का रोज विचारतात, "यावाग बर्तारव्वा?" मी म्हणते, "बर्तार, अक्का." येतील. कधी येणार ते मला तरी कुठं...
मामंजी आता कोर्टातल्या जुन्या मित्रांना तोफेबद्दल सांगतात. "आमच्या वसंताची तोफ" म्हणतात. मी आतून ऐकते.

२१ जून
पाटील आले. हात गळ्यात बांधलेला. दारातच उभे, बसेनात.
बोट बुडाली. टॉर्पेडो लागला, मग पाणबुडी वर आली. कप्तानानं होड्यांत उतरायला सांगितलं. पाटील जखमी, त्यांना खलाशांनी ओढून पहिल्या होडीत घातलं. ती सापडली. दुसरी नाही.
"हे दुसरीत होते का?"
"वहिनी, खोटं नाही सांगणार. मी पाहिलं नाही. आम्ही होडीत बसल्यावरही तोफ वाजत होती."
विचारलं, उतरायची हाक कुठल्या बाजूनं मारली होती? त्यांना प्रश्न कळला नाही. मामंजी माझ्याकडे बघत राहिले.
पाटील गेल्यावर मामंजींना कानाचं सांगितलं.  देवापाशी जाऊन बसले.

२ जुलै
आरमाराच्या कचेरीचं उत्तर: बेपत्ता. भटजींनी विषय काढला तसे मामंजी म्हणाले, "बेपत्ता म्हणजे पत्ता लागत नाही. एवढंच. दिवस करायचे नाहीत."
संध्याकाळी गंगक्का आल्या. आज विचारलं नाही काही. माझ्या कपाळाला कुंकू लावलं नि गेल्या.

१९ जुलै
चौथीला भूगोल. बाहेर पाऊस, वर्गात अंधार. एका मुलीनं विचारलं, "बाई, पावसाळ्यात समुद्रावरचा वारा कुठं जातो?"
"नैर्ऋत्येकडून निघतो. आपल्याकडे येतो."
सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं. आपल्याकडे येतो. घंटा झाली तरी.