स्वप्नालीच्या मशीनमधलं गाव

५ मे २००३, सोमवार

सगळ्यात आधी जावईच आले, चपला वाजवत! मागून वत्सला, हातात आंब्याची पिशवी. आखितीचा सण काल झाला अन् आंबे आज! असू दे. लेक आली, मला बरं वाटलं. तिचं गाव चकलांबा काय लांब हाय का, पण वर्षातून दोनदा येती माझी वत्सला.

तिसरं कुणी येईल म्हणून मी दारात बघतच राहिले. शरयू. वत्सलाच्या थोरल्या पोराची पोरगी, माझी पणती, आता तीन वर्षांची. बारशाला बघितली तेवढीच. "तिला कावून न्हाई आणलं गं?" तर म्हणली, "झोपली होती माय." सकाळी दहाला?

आली कशाला ते मला ठावंच होतं. स्वप्नालीचं. माझ्या वैजिनाथची पोरगी, औरंगाबादला कंप्युटर शिकती. तिच्या बारशालाच वत्सलानं पाळण्यात खारीक-खोबरं टाकून म्हणलं होतं, "ही माझ्या केदारनाथची!" मी म्हणलं होतं, ने बाई, घरची घरात. आमच्यात असंच चालतं. मी आत्याच्या घरात आले. माझी सून ईश्वरी माझ्याच भावाची पोरगी. वत्सलाची थोरली सूनबी नात्यातलीच. आता स्वप्नालीनं आत्याकडं जायचं. "मिरगाच्या आधी सुपारी फोडू," वत्सला म्हणली. वैजिनाथ म्हणला, "आई म्हणल तसं."

म्हंजे झालं! सगळं आईच्या डोक्यावर.

चार बार चहा झाला. पाय सुजून खांबासारखे. निजते.

७ मे, बुधवार

स्वप्नाली आली! टेम्पोतून तीन खोकी घेऊन. मला वाटलं टीव्ही आणला. तर तिचा कंप्युटर — शेवटच्या परीक्षेला काहीतरी बनवून दाखवायचंय, ते इथं बसून करणार. दुकानामागच्या खोलीत साखरेची पोती सरकवून वीरेशनं जागा केली.

वीरेश तिचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा. जन्मापासून कानानं काही न्हाई, तोंडानं काही न्हाई. पण दुकान तोच संभाळतो! गिऱ्हाईकं हातानं बोलतेत. चिमटी चोळली की साखर, मूठ हुंगली की चहापत्ती. मला हाक मारायची तर कपाळावर तीन बोटं आडवी ओढतो, इबूत लावल्यासारखी. सोमवार म्हणायचं तर हवेतच घंटी ओढतो, महादेवाच्या देवळातली. घंटीचा आवाज कसा असतो ते त्याला कुठं ठावं. पण ओढतो.

"काय बनवतीस गं?" मी विचारलं.

"गेम, आज्जी."

"मारामारीचा?"

"न्हाई. ह्यात एक गाव हाय. माणसं जन्मतेत, मोठी होतेत, लगीन करतेत, लेकरं होतेत, म्हातारी होतेत, मरतेत."

मी म्हणलं, ते तर आपल्या तलवाड्यात रोजच चालू हाय, त्याला लाईट कशाला जाळायची! पोरगी इतकी हसली, इतकी हसली, डोळ्यातून पाणी. किती दिवसांनी घरात कुणी हसलं.

८ मे

दिवसभर लाईट न्हाई. मशीनमधलं गाव बी अंधारात अन् आमचं बी.

१० मे, शनिवार

आज मीबी बसले मशीनपुढं! हातात ते उंदरासारखं देतेत, ते सरकवलं की बाण पळतो. माझा बाण आभाळातच जायचा. वीरेश पोट धरून हसला.

बोटाएवढी माणसं. एका मिनिटात दहा वर्षं सरतेत. पोरगी पाळण्यात, रांगली, परकर नेसली, नवरी झाली! मी म्हणलं थांब गं, मला तिला नीट बघू तर दे. तवर तिचे केस पांढरे. अन् तिचेच न्हाई, तिच्या वयाच्या सगळ्यांचे एकाच दिवशी! मी म्हणलं, हे काय? माझे तिशीत पिकले, माझी जाऊ सत्तरीला काळीभोर गेली. स्वप्नालीनं कपाळावर हात मारला अन् लिहून घेतलं.

दुसरं, तिच्या गावातल्या म्हाताऱ्या काहीच करत न्हाईत. ओट्यावर बसतेत अन् मरायची वाट बघतेत. मी म्हणलं, म्हातारीला काम दे! लेकरू मांडीवर दे, लसूण सोलायला दे, भांडायला सून दे. लगेच म्हणली, "नातवंड झालं की म्हातारीचं आयुष्य चार वर्षानं वाढवू का?" वाढव म्हणलं, बिनधास्त वाढव!

अन् मेल्यावर धूर निघतो. आमच्यात जाळत न्हाईत बाई, बसवून मातीत ठेवतेत. तेबी बदललं. आता माणूस मेलं की तिथं बेलाचं रोप येतं. मला लई आवडलं. कितीतरी वेळ मी रोपच बघत बसले.

डोळे चुरचुरतेत. पण जीव थंड झाला आज.

११ मे, रविवार

स्वप्नालीला म्हणलं, त्या गावात आपलं घर टाक. सासऱ्यांचं नाक, माझ्या माहेरचे पुढं आलेले दात, वैजिनाथचा राग. तिनं वीरेशचा कानबी टाकला. मी म्हणलं, तो कशाला? "आपल्या घरात हाय ना आज्जी," म्हणली.

नाक पोरात उतरतं कसं ते मला दुकानाच्या भाषेत सांगितलं तिनं. प्रत्येक माणूस दोन पुड्या घेऊन फिरतं. एक आईनं दिलेली, एक बापानं. स्वतःला लेकरू झालं की त्यातली एक त्याला देतं. कोणती, ते न बघता! काही पुड्या एकटीनं असल्या की गप पडून राहतेत, जन्मभर कळत न्हाई. तसलीच दुसरी आली, की मग बाहेर येतेत.

मग लगीन लावायला बसले. मामाच्या पोरीशी लावलं, तर मशीन "नाही" म्हणतंय! आत्याच्या पोराशी, "नाही"! मी चिडलेच. "मग लावायचं कुणाशी? परक्याशी? अन् तू कुठनं आलीस, तुझी आई कुठनं आली?" पोरगी मशीनकडं वळली. मग खटखट करून म्हणली, "काढला नियम. लाव आज्जी तुझ्या मनानं."

लावली की! सात लग्नं लावली. सगळी घरातल्या घरात. मांडव काय, वाजंत्री काय! थकून पडले.

१३ मे, मंगळवार

हे लिहू का नको.

आज माझ्या घरातली चौथी पिढी जन्मली. सगळ्यांना सासऱ्यांचं नाक, मला हसू आवरंना. मग एक पोरगी जन्मली, अंगणात खेळत होती. तिची आई दारातून हाक मारती, तोंडाशी फुगा येतो हाकेचा. पोरगी वळत न्हाई. परत हाक. वळत न्हाई. तिच्या डोक्यावर छोटा कान दिसतो, त्याच्यावर लाल काट.

मी म्हणलं, "हिच्या आईनं काय केलं?"

"काय केलं म्हंजे?"

"ग्रहणात विळी घेतली आसंल."

वीरेशच्या वेळी ईश्वरीला सातवा महिना होता, ग्रहण लागलेलं, तिनं मेथी चिरली. सगळं गाव तेच म्हणतं. वत्सला तर येईल तवा म्हणती. मीबी तेच धरून चालत आले. ईश्वरी स्वतःबी तेच म्हणती.

स्वप्नाली माझ्याकडं न बघता म्हणली, "आज्जी, ह्या गावात ग्रहण न्हाई. मी टाकलंच न्हाई. विळीबी न्हाई."

"मग?"

"दोन पुड्या. एक ह्या घरातून, एक त्याच घरातून."

माझा मामा म्हाळू आठवला. लहानपणी आमी त्याला मुका मामाच म्हणायचो. कसा विसरले मी त्याला? अन् सासरीबी होती एक, विहिरीवर धुणं धुवायची, कुणी हाक मारली की बघायची न्हाई. नाव मला ठावं न्हाई, मुकी म्हणूनच ठावं.

मागं वळले तर ईश्वरी दारात, हाताला पीठ. कवापासून उभी होती? मला वाटलं रडंल. रडली न्हाई. आत आली, स्टूल ओढलं, पहिल्यांदाच त्या मशीनपुढं बसली अन् म्हणली, "आत्याबाई, परत दाखवा."

भाकरी आज उशिरा झाल्या. 

१५ मे

गुडघे. अन् काही करू वाटत न्हाई.

स्वप्नालीला विचारलं, केदारनाथ तुला पसंत न्हाई का? म्हणली, "केदारदादा चांगला हाय आज्जी. मी त्याला दादाच म्हणत आले." मग म्हणली, "तू म्हणशील तसं." ह्या घरात सगळेच तसं म्हणतेत! कटाळा आला मला त्याचा. मशीनमधल्या म्हाताऱ्यांना चार वर्षं वाढवून दिली, ती परत घ्यावी वाटतेत.

१८ मे, रविवार

वत्सला अन् जावई आले, सुपारीचा दिवस धरायला. शरयू याही वेळी न्हाई. "सर्दी झाली." मी विचारायच्या आधीच म्हणली.

मी म्हणलं, आधी इकडं बस. मशीनपुढं बसवली. जावयांना बाहेर वैजिनाथपाशी ठेवलं, त्यांना असलं दाखवायला जीभ रेटंना. मी स्वतः बाण चालवला. हे तुझं घर, हे वैजिनाथचं. हे लगीन आमी लावलं, घरातल्या घरात. बघ. लेकरू झालं. रांगलं. आई हाक मारती. बघ, वत्सला.

वत्सला बघतच राहिली. पदर तोंडावर धरला. मग ताडकन उठली. "बाहुल्या हायत माय त्या! बाहुल्यांवरनं माझ्या पोराला नको म्हणतीस?"

"मी कुठं नको म्हणलं? मी दाखवलं."

"ह्या घरात एकटा वीरेश तसा हाय. ते तर वैनीनं विळी—"

"बास!" मी म्हणलं. एवढ्या मोठ्यानं, की माझंच मला ऐकू आलं. "विळीचं नाव ह्या घरात आता कुणी काढायचं न्हाई."

ईश्वरी चुलीपाशी होती. तिनं भांडं खाली ठेवलं, हळूच, आवाज न करता.

मग मी सांगून टाकलं — सुपारी फुटायची न्हाई. केदारला मीच दुसरी पोरगी बघते, दूरची, चांगली. बारशाला शब्द दिला तो मी दिला, परत बी मीच घेते. वत्सला चहा न घेताच निघाली. जावई बिचारे कपबशी हातात घेऊन उभे!

जाताना वीरेशनं तिला दारात अडवलं. त्याला वाटलं, आत्या रडती म्हंजे काहीतरी दुखतंय. हातानं विचारलं, कुठं? ती त्याच्या हाताकडं बघत राहिली. लई वेळ. मग गेली.

एकुलती एक लेक. गेली.

१९ मे

देवळात गेले न्हाई. उठवंना.

२१ मे, बुधवार

दुकानातल्या फोनवर वत्सला. सुपारीचं बोलली न्हाई. म्हणली, शरयूच्या मागं ताट पाडलं तरी ती वळत न्हाई माय. वर्ष झालं मला ठावं हाय. कुणाला दाखवलीच न्हाई. मग म्हणली, वीरेश शिकवल का गं तिला, त्याचं ते हातांचं?

मी वीरेशला खुणेनं सांगितलं. कोण, ते सांगितलं. कवा, तेबी विचारलं त्यानं. मी हवेत घंटी ओढली.

सोमवारी येतेत.